नल्लकुंट्याचं विरजण

आई,

खोक्यात नऊ वस्तू होत्या. घड्याळ, मफलर, साखरपुड्याची साडी, सगळं गेल्या आठवड्यात तन्मयकडे परत गेलं. दहावी वस्तू आपल्याच फ्रिजमध्ये सापडली आणि माझं डोकं फिरलं.

त्याच्या आईने नल्लकुंट्याच्या त्यांच्या घरून स्टीलच्या डबीत दिलेलं विरजण तू अजून रोज दुधाला लावतेस! लग्न त्यांनी मोडलं, तेही फोनवरून. तरी काल तू मलाच म्हणालीस, "दह्याने तुझं काय घोडं मारलंय गं? इतकं गोड दही आपल्याकडे कधी लागलं होतं का?"

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेय, आई. त्या दह्यातले जिवाणू त्यांच्याच घरचे आहेत, तू त्यांना रोज दूध पाजून वाढवतेस. तेच माझ्या ताटात वाढतेस आणि वर बाबांना विचारतेस, पोरगी नीट जेवत का नाही.

सगळं दही मी मोरीत ओतलं. डबी उकळून पिशवीत घातली आहे, जाताना त्यांच्या दारात ठेवीन. शेजारच्या रंजनाकाकूंकडे विरजण मागायला जाऊ नकोस, त्यांनी ते तुझ्याकडूनच नेलंय.

विरजणाशिवाय दही लागावं म्हणून परवा मी कोमट दुधात लाल मिरच्यांचे देठ टाकले होते. पहिलं दही पातळ झालं. त्यातलं चमचाभर काल रात्री नव्या दुधाला लावलं. ओट्यावर झाकलेली वाटी तीच.

मृणाल

ता. क. निघताना वाटी पंचेचाळीस अंशांत कलती केली. दही हललं नाही.