ओल्या फरशीवरची कासिल्दा

माद्रिद, जानेवारी

प्रिय आई,

बेनिताचा तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. बाबांचं छातीचं दुखणं आता बरं आहे ना?

आपली कासिल्दा नन होऊन राहते तो राजघराण्याचा मठ शेवटी तिकीट काढून पाहिला. भिंतीभर राजकन्यांची चित्रं, सोनेरी चौकटी. आम्हा बघ्यांना आत सोडण्याआधी घंटा वाजते आणि सगळ्या नन मागच्या खोल्यांत निघून जातात.

"राजवाड्यात राहतात, नशीबवान पोरी!" शेजारची बाई म्हणाली. तूही गावभर हेच सांगतेस.

नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी पावलं उमटली होती. उजव्याची चारच बोटं. करंगळी वर चढलेली, तिची जन्मापासून आहे तशी. एवढीच भेटली कासिल्दा.

बाबा बरे झाले तर लेक मठाला देईन, असा नवस बोललीस तू, फेडतेय ती.

तिच्यासाठी तू विणलेले लोकरी मोजे दारावरच्या म्हातारीने परत दिले. "इथे अनवाणीच राहायचं असतं, बाई." सोबत पाठवतेय. तूच घाल.

तुझी उरलेली लेक,
बेनिता