टेपवरचे बाबा

२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपल्या जन्माआधीच्या टेपवरून तू बाबांची सतार उतरवून दिलीस, आणि माझी झोप उडाली. त्यांच्या सुराला सूर मिळवायला जावं तर तार तटकन तुटते. शेवटच्या जलद झाल्यात ते जे सुटतात, त्यांच्यामागे धावून बोटं सोलून निघालीत. पुढच्या महिन्यात त्यांची शिष्या म्हणून माझा कार्यक्रम ठरलाय. नाही म्हणून कळवते आणि सतार कायमची गवसणीत बांधून ठेवते. वाघाच्या पोटी शेळी, दुसरं काय!

बाबा मात्र ते रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकतात. हात लुळा पडल्यापासून इतके खुशीत कधी नव्हते.

वेळेवर जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

९ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

थांब, नकार कळवू नकोस! तुला प्रत देताना सुरुवातीचं बाबांचं बोलणं मी कापलं होतं. तो तुकडा आज ऐकला, तर बाबा शाळकरी पोरासारखे चिरकताहेत! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जाहिरातीतलं लांबलेलं बोलणं अर्ध्या मिनिटात बसवायला मी स्टुडिओतल्या मशीनचा वेग वाढवला होता, तो पुन्हा कमी करायचाच राहिला, आणि त्याच मशीनवर तुझी प्रत निघाली. बाबा तरुणपणीही एवढे धावत नव्हते गं! खऱ्या वेगाची प्रत सोबत आहे. चार शिव्या घाल, पण वाजव.

राग गेला की लोभ असू दे.
तुझा गाढव भाऊ

१७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार कसल्या, आठ घातल्या! मग नवी प्रत लावली आणि बाबांच्या बरोबरीने थेट शेवटापर्यंत गेले. घळाघळा रडले रे.

तशीच उठून बाबांना तुझा घोळ सांगितला. ते म्हणाले की, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आपला हात असा पळताना ऐकून बरं वाटत होतं, म्हणून गप्प राहिले. आणि बोटांना मलम लाव, अशी रोज आठवणही तेच करून देत होते!

कार्यक्रमाला मी बसणार आहे. पहिल्या रांगेत आपली खुर्ची आहे ना, असं ते सकाळपासून विचारताहेत. मी दर वेळी सतार उचलून आतल्या खोलीत जाते. तू लवकर ये. रागाने मला त्यांच्याकडे बघवत नाही, आणि ते समोर नसतील तर वाजवताही येणार नाही.

वाट बघणारी,
ताई