शेवटच्या पायरीचं वजन

प्रिय ताई,

खोका उघडून तू आधी पायाचा नवा ब्रेस हातात घेतला असशील आणि पत्र बाजूला टाकलं असशील, ओळखून आहे मी तुला. आता बस आणि वाच. पाय त्यात घालायचा तो वाचून झाल्यावर.

तुझे दोन्ही तुटके ब्रेस मागवले तेव्हा तू विचारलंस, भंगाराचा धंदा काढलास का. मग भावजींना तुझा जिना उतरतानाचा व्हिडिओ काढायला लावला, तर म्हणालीस, या वयात सिनेमात घेताय वाटतं मला. तुझ्या तोंडी कोण लागणार, म्हणून ताकास तूर लागू दिली नाही. आता सगळं सांगते.

माझं काम तुला ठाऊक आहे. वस्तू कुठे तुटेल हे ती तुटायच्या आधी संगणकाला विचारायचं. तिचा आकार बारीक तुकड्यांत मांडायचा, वर वजन टाकायचं आणि कुठला तुकडा किती वाकतो ते बघायचं. पण त्याआधी संगणकाला सांगावं लागतं, की हे प्लास्टिक ताणलं की वागतं कसं. पुरवठादाराच्या कागदावर दोनच आकडे होते, ते किती ताठ आहे आणि किती ताणावर हार मानतं. मी निमूट भरले. उत्तर आलं, हा ब्रेस तुटणं शक्यच नाही. आणि तुझे दोन तुटलेले ब्रेस टेबलावर माझ्यासमोर पडलेले. कपाळावर हात मारून घेतला.

मग म्हटलं, आपणच ओढून बघू. त्याच प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून पट्ट्या कापल्या, यंत्रात धरल्या आणि शिस्तीत, सावकाश ताणल्या. च्युइंगमसारख्या लांबत गेल्या, तुटायचं नाव नाही. चार दिवस माझं डोकं चालेना. शेवटी तुझा व्हिडिओ आवाज वाढवून लावला आणि लहानपणापासून ऐकत आलेला तो आवाज आला. ताई, शेवटची पायरी तू उतरत नाहीस, तिच्यावरून स्वतःला टाकतेस. धप्प. सकाळी तू कामाला निघालीस हे मला अंथरुणातच त्या धप्पवरून कळायचं, आणि मी मात्र पट्टी गोंजारत बसले होते.

हे प्लास्टिक सावकाश ओढलं तर समजुतीनं घेतं, झटका दिला की तडकतं. त्यातून तुझं तर भट्टीत तापवून पायाच्या आकाराला बसवलेलं आणि वर्षानुवर्षं वापरलेलं. म्हणून तुझ्याच जुन्या ब्रेसच्या पोटरीकडच्या धड भागातून पट्ट्या कापल्या आणि तुझ्या धप्पच्या वेगानं ओढल्या. ताडकन तुटल्या. मी अशी काही ओरडले, की यंत्रावरच्या मैत्रिणीला वाटलं मला कळाच सुरू झाल्या. आता त्या ओढण्याचा अख्खा आलेख संगणकाला दिला, नुसते दोन आकडे नाहीत. घोट्याजवळच्या आतल्या कडेला जास्त ताणाचा लाल डाग उमटला, दोन्ही ब्रेस जिथून गेले अगदी तिथेच. ती कड गोल केली, तिथली जाडी वाढवली. नवा ब्रेस आठवडाभर यंत्रावर तुझ्यासारखा धप्प धप्प आपटून घेतला. बारीकशी चीरसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. ब्रेस बनवणाऱ्या बाईंनी विचारलं, ताईंच्या वजनावर हे आणखी साडेतीन किलो कसले? मी म्हटलं, सामान असतं तिच्या हातात.

मी तीन वर्षांची होते, तू तेरा. मला कडेवर घेऊन जिना उतरताना तुझा तेव्हाचा ब्रेस तुटला आणि तू पडता पडता वळलीस, मला वर धरून पाठीवर पडलीस. मला ओरखडाही आला नाही. तुझा कोपर अजून सरळ होत नाही. त्यानंतर तू कुणाचंही मूल उभ्यानं घेतलं नाहीस. दादाची दोन्ही मुलं झाली तेव्हा तू आधी खुर्चीत बसलीस आणि मग म्हणालीस, आणा इकडे. आम्ही कुणी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. मी आज आहे ती तुझ्या त्या वळण्यामुळे आहे, ताई, आणि हे तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

परवा फोनवर तू म्हणालीस, बाळ झालं की बघायला येईन, पण खुर्ची तयार ठेव. नाही ठेवणार. ते साडेतीन किलो बाळाचेच आहेत. बाळ कडेवर घेऊन तू शेवटच्या पायरीवरून स्वतःला टाकतेस, हे संगणकात मी इतक्यांदा करून बघितलंय, की आता मोजत नाही. ब्रेस तुटत नाही. दवाखान्याच्या दारात पायऱ्या आहेत, मी बघून आले. आमचं बाळ तिथून खाली तू आणायचंस. हे विचारायला म्हणून पत्र. आता घाल पाय.

तुझंच,
शेंडेफळ