डाव्या पुढच्या चाकाची हवा

रविवार, १ सप्टेंबर

डावं पुढचं — २७! बाकी तिन्ही चाकांत बरोब्बर ३२. मागच्या रविवारी मी स्वतः उभी राहून चारहीत ३२ भरून घेतली होती. मग सात दिवसांत पाच पौंड हवा गेली कुठे?

सकाळी सातला मोजली, गाडी गार असताना. पळून आलेल्या, तापलेल्या टायरची हवा मोजून निष्कर्ष काढणाऱ्यांतली मी नव्हे. एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते, पोरांचे ढापलेले आकडे लांबून ओळखायचे. गेज तीनदा लावलं. २७, २७, २७.

साबणाचं पाणी केलं, टायरभर फासलं. व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंब ठेवला. एक बुडबुडा नाही! शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "गाडीला अंघोळ का?" म्हटलं, तपासणी चाललीय.

हवा भरून आणली. ३२. आता बघतेच.

सोमवार, २ सप्टेंबर

आज नाणं घालून खाचा मोजल्या. टायरवरची ही नक्षी ठरावीक खोलीपेक्षा कमी झाली की गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा. २७ तारखेला, शुक्रवारी, गाडीची वार्षिक तपासणी आहे. नापास झाली तर घरीच बसायचं — गाडीने आणि मीही.

नापास होणार नाही. पण गंमत अशी — डाव्या पुढच्याची नक्षी बाकी तिघांपेक्षा खोल आहे! चौघे एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. टायर काय झाड आहे, वाढायला?

विचार करकरून असं वाटतंय: मी उजवीकडे बसते, माझं वजन उजव्या चाकांवर, म्हणून डावं कमी झिजतं. मग मागचं डावं का झिजलं? ते सुचलं की लिहीन.

बुधवार, ४ सप्टेंबर

माझ्या नातीचा, भिंगरीचा, पोहण्याचा वर्ग आजपासून सुरू! दर बुधवारी तिला शाळेतून उचलायचं, तलावावर न्यायचं, केस पुसायचे, घरी सोडायचं. आठवड्यातले माझे सगळ्यांत चांगले तीन तास, हे आत्ताच लिहून ठेवते.

जावईबापू म्हणे, "आई, बुधवारी मीच नेतो तिला. तुम्हाला कशाला दगदग?" मी तडकलेच. "आजी आता नकोशी झाली का?" लेकीने त्यांच्याकडे डोळे वटारले. बोलण्यात मऊ आहेत, पण पोर माझ्यापासून तोडायची काहीतरी युक्ती दिसते.

आणि नवीन टूम — भिंगरी माझ्यामागे, उजवीकडेच बसते. डावीकडे बस म्हटलं, तिथून दुकानं दिसतात. "बाबाने सांगितलंय, आजीच्या मागेच बसायचं." का? "माहीत नाही." आठ वर्षांची आहे, तिलाही विचारावंसं वाटलं नाही! कुणावर गेलीय कोण जाणे.

तलावापाशी गाडी लावताना चाकाखाली खर्र वाजलं. तिथला रस्ता भलताच खडबडीत. नगरपालिकेला पत्र लिहायला हवं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पत्र टाकलं. कडक लिहिलंय.

रविवार, ८ सप्टेंबर

२८! बाकी तिघे ३२.

आता माझ्या डोक्यात चक्रं सुरू. गाडी आठवडाभर माझ्याकडे, फक्त शनिवारी जावईबापूंकडे. शहराबाहेरच्या तळ्यावर मासे पकडायला जातात. गेल्या वर्षभरात एक मासा कुणाला दिसलेला नाही. तो तळ्याचा रस्ता म्हणजे नुसते दगड. शनिवारी संध्याकाळी गाडी परत येते, रविवारी सकाळी हवा कमी. सांगायला कशाला हवं?

शिवाय दर शनिवारी डावा आरसा बिघडवून आणतात! पार खाली, जमिनीकडे तोंड. त्यात मागची गाडी दिसायची सोडून माझंच चाक दिसतं. दर रविवारी मी तो वर करते.

जेवायला गेले तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, हसत हसत. "तळ्यावर जाताना फुटपाथ, दगड बघता की नाही? की नजर माशांवर?" लेक हसली. त्यांनी ताटाकडे बघत म्हटलं, "हो आई. जपून चालवीन." कबूलच की!

तरी मी बरी सासू, लांबण लावली नाही. वाढदिवसाला जावईबापूंनी मला काय दिलं होतं आठवतंय — गाडी दिवसभर नेऊन धुऊन आणली. मी सगळ्यांत म्हटलं होतं, जावयाची भेट साबणाच्या फेसाची! तेव्हा नुसते हसले होते.

सोमवार, ९ सप्टेंबर

टायरवाल्याकडे गेले. त्याने चाक काढून अख्खं पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि दोन मिनिटांत — बुडबुडे! पण टायरला नाही, रिमच्या कडेला. "बाई, सगळीकडे साबण लावलात, इथे नाही लावलात." एकतीस वर्षांचा अनुभव गेला टाकीत.

म्हणाला, रिमला पोचा आहे, तिथून जराजरा हवा सुटते. ठोकून सरळ करून दिली. मग टायरच्या बाजूवर हात फिरवला. त्याला तो गाल म्हणतो. "हा गाल बघा कसा खरवडलाय. कुणीतरी फुटपाथच्या कडेला सारखी घासतंय. आतले धागे दिसायला लागले की तपासणीत नापास. आणि जोरात पळताना फाटला तर तपासणीला न्यायला गाडी उरायची नाही. चालवतं कोण?"

"जावई," मी म्हटलं. तो कळल्यासारखं हसला. बायका चालवतात म्हणाला नाही, हेच नशीब.

एक नवीन शिकले. टायरवर चार आकड्यांची जन्मतारीख असते! पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. घरी येऊन गुडघे टेकून वाचले. तिघांचे सापडले, तिघे तीन वर्षांपूर्वीचे, एकाच आठवड्यातले जुळे-तिळे. डाव्या पुढच्याचे आकडे आतल्या बाजूला आलेत, गाडीखाली झोपल्याशिवाय दिसायचे नाहीत. या वयात नको. पण चुकचुकत राहिलंय.

बुधवार, ११ सप्टेंबर

भिंगरीने आज पाण्यात डोकं घातलं! बाहेर येऊन विचारते, "आजी, पाण्याखाली हवा का नसते?" अखेर माझ्यावर गेली तर. पूर्ण उत्तर दिलं. अर्ध्यातच झोपली.

नगरपालिकेचं उत्तर: 'सदर रस्ता सुस्थितीत आहे.' वा! यांनी तो पाहिलाय का?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

नुसता संशय म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग करायचा.

प्रयोगशाळेतून निवृत्त होताना खडूंचा एक खोका आणला होता (चोरी म्हणा). त्यातला पिवळा घेतला आणि डाव्या पुढच्या टायरच्या गालावर, सगळ्यांत फुगीर भागावर, जाड गोल काढला. पूर्ण वर्तुळ. फुटपाथ घासला की तेवढा तुकडा पुसला जाणार. पाऊस नाही, चिखल नाही. जावईबापूंना अर्थातच सांगितलं नाही.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "आई, तू माझ्या नवऱ्यावर खडूने पाळत ठेवतेयस?" होय.

रविवार, १५ सप्टेंबर

पहाटेच खाली गेले. वर्तुळ — अख्खं!

धूळ बसलीय, तळ्याकडची लाल माती आहे, पण घासलेलं कुठेही नाही. नखाएवढंही नाही. दोनदा फिरून पाहिलं. हवा ३२. आरसा मात्र पुन्हा खाली.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर हिरमुसले. इतका छान मांडलेला प्रयोग आणि निष्कर्ष हाती येईना. कदाचित खडू दिसला असेल, म्हणून जपून चालवली असेल. तो पुसत नाही, पुढच्या शनिवारपर्यंत राहू दे.

बुधवार, १८ सप्टेंबर

लिहायला बसून अर्धा तास झाला.

तलावापाशी गाडी लावली. तेच खर्र. रस्त्याच्या नावाने बडबडत उतरले. भिंगरी फुटपाथवर उभी राहून खाली बघत होती. "आजी, इथे कुणी पिवळा रंग लावला?"

फुटपाथच्या कडेला पिवळा पट्टा. हातभर लांब. माझा खडू.

वाकून चाकाकडे बघितलं. वर्तुळाचा तेवढाच भाग गायब. त्या पट्ट्याच्या खाली, दगडावर, जुने काळे ओरखडे — रबराचे. एक नाही, बरेच. याच जागी मी गेल्या दोन्ही बुधवारी गाडी लावली होती.

कड चांगली वीतभर उंच आहे. पांढरी रंगवलेली. मला ती दिसलीच नव्हती. आज नाही, आणि मागच्या दोन्ही वेळांनाही नाही.

"आजी, तू रडतेयस?" म्हटलं, क्लोरीनचा वास. अजून पाण्याजवळही गेलो नव्हतो.

घरी येताना वीसच्या वेगाने आले. मागे सगळे हॉर्न वाजवत होते.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मोजायचंच तर नीट मोजायचं.

भिंतीसमोर खुर्ची ठेवली. खुंटीला गेज टांगलं, नजर त्यावर. उजवा डोळा झाकला. डाव्या हातात पिवळा खडू, हात पूर्ण बाजूला ताणला आणि हळूहळू समोर आणत गेले. खडू कधी दिसतो?

दिसेना. दिसेना. गेजच्या जवळ आला तेव्हा एकदम उगवला. म्हणजे तिथपर्यंत नुसती भिंत! भोक नाही, अंधार नाही, शहाण्यासारखी सरळ रंगवलेली भिंत. डोळा मधलं काहीबाही स्वतःच भरून काढतो. ढापलेले आकडे!

दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच. मग डावा झाकून उजव्याने केलं, खडू लांबूनच दिसला.

एकतीस वर्षं पोरांना सांगत आले, आधी उपकरण तपासा. आणि मी जावई तपासत बसले.

शनिवार, २१ सप्टेंबर

गाडी न्यायला आले. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, परत आणू नका.

बसले. मी खडूचं सांगितलं, फुटपाथचं, भिंतीचं. मग विचारलं, आरसा का खाली करत होता?

"त्यात कड दिसते, आई."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"ऐकलं असतं तुम्ही?"

नसतं ऐकलं. म्हटलं असतं, तुम्ही आधी एक मासा पकडून दाखवा.

"आणि पोरीला बसू दिलंत माझ्या गाडीत!" मी ओरडलेच. त्यांचेही डोळे भरले. "मला वाटलं पार्किंगपुरतंच आहे. खात्री नव्हती. पहिल्या दिवशी म्हटलं होतं, मी नेतो." म्हटलं होतं. त्यावर मी काय बोलले तेही आठवलं.

मग हळूच म्हणाले, "त्या रविवारी जेवताना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा हो म्हटलं. म्हटलं, निदान या निमित्ताने टायर तरी बघितला जाईल."

चहा केला. डावीकडचा कप माझ्या हातून सांडला. त्यांनी पुसला.

सोमवार, २३ सप्टेंबर

डोळ्यांची डॉक्टर. यंत्रात डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं. चांगलं यंत्र आहे, कसं चालतं ते तिला विचारलं. तिने सगळं दाखवलं, शेवटी माझ्या नजरेचा नकाशाही. डाव्या डोळ्याच्या बाजूची नजर गेलीय. गेली ती येणार नाही, आहे ती थेंबांनी सांभाळता येईल. उजव्यातही सुरुवात असेल, पुढे बघू.

"गाडी?" विचारलं. "नको," ती म्हणाली.

विचारलं किती दिवसांपासून. "वर्षभर तरी असेल. हे दुखत नाही, कळत नाही."

बुधवार, २५ सप्टेंबर

आज जावईबापू चालवत होते. मी मागे, भिंगरीच्या डावीकडे. तलावापाशी चाक कडेपासून वीतभर लांब थांबलं, आवाज नाही. भिंगरी म्हणाली, "आजी, आज रस्ता चांगला केलाय!"

नगरपालिकेला माफीचं पत्र लिहायला हवं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

गाडी पास. चारही टायर कायद्यात बसतात.

उचलून धरली होती तेव्हा खाली जाऊन डाव्या पुढच्याचे चार आकडे उजव्या डोळ्याने वाचले. बाविसावा आठवडा — याच वर्षीचा. बाकी तिघांपेक्षा तीन वर्षांनी धाकटा. म्हणजे जूनच्या आधी तर बसवलेला नाहीच, आणि जूननंतर, तळ्याचे शनिवार सोडले तर, अख्खा दिवस गाडी माझ्या हातून एकदाच गेली होती. जुलैत. माझ्या वाढदिवसाला, धुऊन आणायला.