गुरुवारचे तीन तास

२ जून, मंगळवार

कॉलेजातली ती अठराला जाणार. गुरुवारी, पाचच्या बसने. दुसऱ्या शहरात नोकरी लागली, आणि सांगताना हसत होती! सोडायला येशील ना, म्हणाली. येणार म्हणजे काय, येणारच. फोन ठेवला आणि लकव्याने पडलेल्या बाबांकडे पाहिलं. डावा हात उशीवर, डावा पाय माझ्या भरवशावर, कान मात्र ठणठणीत.

कोण चाललंय म्हणाले. कोणी नाही म्हटलं.

तीन तास हवेत. एक स्टँडवर जायला, एक परत यायला, एक बोलायला. दोन वर्षं जे बोललो नाही ते एका तासात बसेल का, ते नंतर बघू.

३ जून

ताईला विचारलं, एका गुरुवारी तीन तास येशील का. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ठीक. पण मग दहा मिनिटं मला शिकवलं — बाबांना कुशीवर वळवतोस ना, पाठीला पावडर लावतोस ना. चौदा महिने मी काय नुसती पाठ बघत बसलोय? आई असती तर, म्हणाली. आई असती तर मी आज शेवटच्या वर्षाला असतो, तायडे! हे बोललो नाही. बोलायला हवं होतं.

४ जून

दवाखान्याच्या भिंतीवर कागद. घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी आधार केंद्र. ‘तुम्ही एकटे नाही!’ खाली नंबर. लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकलं. मग बाई म्हणाली, रांगेत तुमच्या पुढे अकरा जण आहेत. एकटा नाही हे खरंच निघालं.

९ जून, मंगळवार

स्वतःच गेलो. शेजारचा शिंपी जेवणाच्या सुट्टीत बाबांपाशी अर्धा तास बसतो. एकतिसाव्या मिनिटाला उठतो, मग बाबा पलंगावर असोत की पलंगाखाली. केंद्र सायकलने दहा मिनिटं. म्हणजे हातात उरली दहा.

वर व्याख्यान चाललेलं — ‘स्वतःसाठी वेळ काढा’. दुसरा मजला, लिफ्ट बंद. खुर्च्या चाळीस, माणसं तीन, त्यातली एक बोलणारी. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, तुम्ही समुद्रकिनारी आहात. मिटले. किनाऱ्यावर शिंपी घड्याळ बघत उभा. उठलो.

खिडकीतल्या माणसाचं नाव मी ‘चष्मा’ ठेवलंय. कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधत होता. म्हणाला, आहे की सोय. आठवड्यातून तीन तास आमचा माणूस घरी येऊन बसतो. फॉर्म त्या ट्रेमध्ये. ट्रे दोन होते. जो हाताला लागला तो ओढला आणि सायकलवर टांग मारली.

१० जून

फॉर्म भरला. काय एकेक प्रश्न! रुग्णाला उचलता येते का? येते. आंघोळ घालता येते का? येते. चिडक्या माणसाला सांभाळता येते का? इथे दोनदा खूण केली. अनुभव? चौदा महिने, रोज चोवीस तास, रजा नाही. सोयीची वेळ? गुरुवार, तीन ते सहा. आपण हे काम का करू इच्छिता? इच्छितो कोण? लिहिलं — दुसरं कोण करणार!

बाबा म्हणाले, दाखव इकडे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीत बसून लोकांचे फॉर्म तपासलेत त्यांनी. “वरचं ठळक अक्षर वाचलंस का, साहेब?” शिंपी दारात उभा राहून ऐकतोय. मी म्हटलं, तुमची खिडकी बंद झाली आता, बाबा.

त्यांनी डोळे मिटले. पाठ फिरवता येत नाही म्हणून.

१५ जून, सोमवार

चष्म्याचा फोन. निवड झाली! गुरुवार, तीन ते सहा. माझं ‘दुसरं कोण करणार’ त्याने ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. पत्ता लिहून घ्या म्हणाला. मला माझा पत्ता पाठ आहे म्हटलं.

“तुमचा नाही हो. ज्यांच्याकडे तुम्ही बसायला जाणार, त्यांचा.”

स्वयंसेवकाचा फॉर्म. ठळक अक्षरात, वरच.

मदत हवी असलेल्यांच्या यादीत किती जण, विचारलं. दोनशे सात. आणि स्वयंसेवक? तुम्हाला धरून चार.

बाबांना सांगितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसले. लाळ पुसून दिली तरी थांबेनात.

१७ जून

त्या घरच्या काकूंचा फोन. नाही सांगायचं ठरवून उचलला होता. त्यांची दाढ काढायचीय. अकरा महिने गोळ्यांवर ढकलतायत — काकांना विसरण्याचा आजार, एकटं सोडलं की दार उघडून चालू लागतात. येशील ना रे, म्हणाल्या.

एकाच महिन्यात दोन बायका मला येशील ना विचारतायत, आणि दोघींना हो म्हणून बसलोय. शाब्बास!

१८ जून, गुरुवार

बाबांना कुठे ठेवणार? चाकाच्या खुर्चीत घालून घेऊन गेलो. पंचवीस मिनिटं ढकलत. काकू पर्स घट्ट धरून बाहेर पडल्या, वळूनही पाहिलं नाही.

काका दाराशी. मला जायचंय, मला जायचंय. मी अडवतोय, ते ढकलतायत. तेवढ्यात बाबा टेबलामागून खेकसले — “रांगेत या!” आणि काका आले. मुकाट! मग दुपारभर खिडकी चालली. काका वर्तमानपत्राचा कपटा पुढे करणार, बाबा तो वाचणार, बाटलीच्या झाकणाचा शिक्का मारणार, उद्या या म्हणणार. काका वळून पुन्हा रांगेत.

चारला निघालो असतो तर बस गाठली असती. दोघांना टाकून? पाच वाजले तेव्हा काकांना लघवीला नेलं होतं.

काकू सहाला आल्या. गाल सुजलेला, तोंडात कापूस. बोलता येईना. कपट्यावर लिहिलं — पुढच्या गुरुवारी दोघं माझ्याकडे. तू जा.

कुठे जाऊ? जिच्याकडे जायचं ती गेली!

१९ जून

तिचा मेसेज. ‘ड्रायव्हरशी भांडून दहा मिनिटं बस थांबवली. तू आला नाहीस.’

भलंमोठं उत्तर लिहिलं, खोडलं. पाठवलं — ‘दाढ होती.’

‘कोणाची?’

आता पहिल्यापासून सांगावं लागणार. सांगतोय.

२५ जून, गुरुवार

बाबा काकूंकडे. पुन्हा नाव घालायला कॉलेजात गेलो. तिथेही ट्रे दोन. दोन्हींतले फॉर्म आणले, कोरेच बाबांपुढे ठेवले.

वाचा म्हटलं.