मागून आवाज येतोय

६ जानेवारी, मंगळवार
सेंटरच्या रेणुका मॅडम म्हणाल्या, लिहायची सवय मोडलीय तुमची मावशी, रोज चार ओळी लिहीत जा. काय लिहू? उठले. भाकरी थापल्या. सेंटरला गेले. आले. झाल्या चार ओळी.

सेंटर म्हणजे टॉवेलचं जुनं गोदाम. बाहेर बोर्ड मोठा, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आम्ही बायकांनी फोनमध्ये मराठी बोलायचं, ते ऐकून कॉम्प्युटर मराठी शिकतो म्हणे. एकेका बोलण्याला क्लिप म्हणायचं. शिकवणी सेंटरला, क्लिपा घरी बसून भरायच्या. पास झाली की पैसे, नापास झाली की फुकट घसा कोरडा.

मला जन्मभर क्लिपा भरायच्या नाहीत. मला चेकर व्हायचंय. हेडफोन लावून टेबलाशी बसायचं, दुसऱ्यांच्या क्लिपा ऐकायच्या आणि चुका काढायच्या. वर महिन्याचा पगार. चुका काढायला मला शिकवायला नको. आत्यांना विचारा. सासूच्या चुका काढणारी सून सगळ्या गल्लीत मी एकटी.

७ जाने., बुध
चेकरचा अर्ज फोनवरच भरायचा. शिक्षण दाबलं की यादी उघडते. सगळ्यात खाली दहावी. सातवी नाहीच. मॅडम म्हणाल्या, "इतर" दाबा. दाबलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई म्हणजे इतर.

पुढं विचारतंय, संगणक क्षेत्रातला अनुभव. लिहिलं शून्य. लक्ष्मी शेजारी बसलेली. कारखाना बंद पडेपर्यंत आम्ही दोघी टॉवेलला शिलाई मारायचो, मशीनला मशीन लागून. म्हणाली, "अक्का, शून्य काय लिवतीस, मोकळं सोड की." मोकळं सोडलं तर पुढं सरकत नाही ते. गाढव.

मॅडमनी खरं ते सांगितलं. जागा एकच. वरच्यांना पदवीवाली पाहिजे, एक बीसीए झालेली पोरगी रांगेत आहे. "पण मी तुमच्यासाठी बोलेन मावशी. तुमच्या स्वतःच्या क्लिपा मात्र स्वच्छ गेल्या पाहिजेत. जिच्या स्वतःच्याच नापास, तिला दुसऱ्यांच्या तपासायला कशी बसवू?"

बरोबर आहे. मॅडम म्हणजे मुलगीच, अकलूजची, इंजिनियर, वय माझ्या निम्मं. पण बोलते सरळ.

१० जाने., शनि
ह्या आठवड्यातल्या सगळ्या पास!! पहिल्या दिवशी मी पुढाऱ्यासारखं बोलले होते, "माझे असे म्हणणे आहे की". मॅडमनी हात जोडले. घरात बोलता तसं बोला. मग बोलले. बाजारात वांगी घेताना भांडण झालं ते सांगितलं, नळाच्या पाण्यावरून झालं ते सांगितलं. भांडणाला विषय कमी पडत नाहीत.

श्रीपूरहून ह्यांचा फोन. साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर आहेत, हंगाम संपेतोवर घरी नाहीत. "म्हंजी आता कॉम्प्युटरची मास्तरीण का तू?" म्हटलं, हो. तुम्ही वेळेवर जेवा.

१५ जाने., गुरु
काल संक्रांत. आत्यांना आणि लक्ष्मीला घेऊन गड्ड्याच्या जत्रेत गेले. धूळ, पाळणे, भोंगे, माणसावर माणूस. बांगड्या भरल्या, जुनी एकेकच उरली होती. आत्यांचा हट्ट, हिरव्या पायजेत, हात भरून पायजेत, घट्ट पायजेत. त्यांना काय, त्या नुसत्या शेजारी बसून सांगणार. मामंजी गेल्यापासून हात मोकळेच.

कासारणीनं बोटं मोडेपर्यंत हात दाबला. वर म्हणते, "बघा मावशी, कशा बसल्यात. आता वाढल्याबिगर निगायच्या न्हाईत." बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. आत्या खूश. माझे हात दोन दिवस दुखणार.

१९ जाने., सोम
सगळ्या नापास. सगळ्या!
शेरा: मागून आवाज येतोय.
कसला आवाज? कुणाचा? सांगा की मेल्यांनो.

२१ जाने., बुध
पंखा बंद केला. दार लावलं. शेजारच्या यंत्रमागवाल्याकडं गेले. म्हटलं, दुपारी जरा वेळ माग बंद ठेवा, माझं कॉम्प्युटरचं काम असतं. तो म्हणतो, "वैनी, सोलापूरची मराठी शिकवताय नव्हं? मग मागासकट शिकू द्या की त्याला." आणि हसतोय. बाकीचे पण हसले. मी पण काय बोलायचं ते बोलले. आता त्यांच्याकडनं विरजण मागायचं बंद.

क्लिपा परत नापास. ह्यावेळी शेरा: भांड्यांचा आवाज.

असं होय. गेले आत्यांच्या अंगावर. मी बोलत असताना भांडी घासू नका म्हणून किती वेळा सांगितलं? आत्या म्हणाल्या, "मी कवा घासली? मी तर निजले हुते." मला वाटलं लपवतायत. म्हातारीनं हातातली वाटी खाली ठेवली आणि जाऊन पायरीवर बसली. संध्याकाळपर्यंत आत आली नाही. चहा तिकडं नेऊन दिला तर तोंड फिरवलं.

२३ जाने., शुक्र
आज लाईट गेलेली, माग बंद. आत्या देवळात. भांडी सगळी पालथी. मांजर पण हाकललं. घरात मी आणि भिंती. तरी भांड्यांचा आवाज!

शेरा मारणारा बेंगळूरला बसतो म्हणे. त्याला हितली भांडी ऐकू येतात आणि मला येत नाहीत? मॅडमना म्हटलं, त्याचेच कान तपासा. मॅडम म्हणाल्या, "मावशी, एकदा स्वतः हेडफोन लावून ऐका ना." म्हटलं, माझं मला ऐकायला हेडफोन कशाला?

२५ जाने., रवि
ह्यांचा फोन. सगळं सांगितलं तावातावानं. बेंगळूरवाला असा, मागवाला तसा, आत्या रुसल्या. हे हसायलाच लागले.
"काय झालं दात काढायला?"
"आगं, तुज्या बांगड्या."
"काय बांगड्या?"
"तू बोलाय लागली की हात नाचत्यात. तुजा फोन आला की मला आदी बांगड्याच ऐकू येत्यात, मग तू."

फोन ठेवला. हेडफोन लावला. ऐकलं. दर शब्दाला खळ्ळ. इतके दिवस मी माझ्याच हातांवर तोंड सोडत होते. कारखान्यात इतकी वर्षं बांगड्या घालून शिलाई मारली, एक जण म्हणाला नाही आवाज येतो म्हणून. मशीनच तेवढ्या वाजायच्या.

आत्यांना जाऊन सांगितलं, भांडी नव्हती. आत्या म्हणाल्या, "मग?" मग काय. चहा केला दोघींना. आत येऊन पिल्या.

२६ जाने., सोम
हात मांडीवर ठेवून बोलले. झेंडावंदन करून आल्यासारखी ताठ बसून. आवाज काही आला नाही. क्लिप नापास. शेरा: बोलणं नैसर्गिक वाटत नाही.

ऐकली मी. खरंच, मेल्यागत बोलतेय. हात हलले नाहीत तर मला पुढचा शब्दच सापडत नाही. हलवले तर बांगड्या. आता काय करू, पायानं बोलू?

२७ जाने., मंगळ
ह्यांचे जुने पायमोजे. पुढून कापले, कोपरापर्यंत चढवले, बांगड्या आत. लक्ष्मी आली आणि दारातच बसली हसत. "अक्का, थंडी हाताला का वाजतीय तुला?" मग तिनंच वरून दोरा गुंडाळून दिला. खळ्ळ गेलं, खुडबुड आली. बेंगळूरवाल्यानं लिहिलं, कपड्यांचा आवाज. ह्या माणसाच्या घरात काहीच वाजत नसेल काय?

२८ जाने., बुध
मॅडम म्हणाल्या, "मावशी, अहो रेकॉर्डिंगपुरत्या काढून ठेवा ना." घड्याळ काढावं तसं. त्यांचं चुकलं असं नाही. त्यांना कासारणीनं दाबलेला हात ठाऊक नाही.

घरी येऊन साबण लावला. कातडं सोललं, निघेना. जोर केला तर एक वाढली. नुसता टिच आवाज. आत्या आतून आल्या. खाली बसून एकेक काच वेचली. पदरात घेतली. मग म्हणाल्या, "त्यो रातंदिस ट्रॅक्टरवर हाय मंगल. रस्त्यानं उसाच्या गाड्याच गाड्या. त्यो घरला येस्तोवर तरी राहू दे."

मी म्हटलं, आत्या, काचेनं काय होतंय? त्या म्हणाल्या, "काय बी हुत न्हाय. मला ठावं हाय. तरी राहू दे."

चिडायला पण जागा ठेवली नाही.

३० जाने., शुक्र
ह्यांनाच विचारलं. काढू का? सरळ सांगा. हो नाहीतर नाही.
मागं ट्रॅक्टर नुसता घुरघुरत होता. म्हणाले, "तुज्या मनावर हाय."
हे काय उत्तर झालं? सगळं माझ्याच मनावर. घर माझ्या मनावर, आत्या माझ्या मनावर, आता ह्यांचा जीव पण.

मी असलं मानत नाही. परवा लक्ष्मीच्या जावेला तोंडावर सांगितलं होतं, हे सगळं थोतांड. आज लाटणं हातात घेतलं, मनगट पाटावर ठेवलं. लाटणं परत डब्यावर ठेवलं. भाकऱ्यांना उशीर झाला एवढंच.

२ फेब्रु., सोम
मॅडमनी बाजूला बोलावलं. वरचे म्हणतात, शेवटची एक क्लिप बघू. दहा मिनिटं, न थांबता, वाचून नाही. विषय: घरातली एक व्यक्ती. फक्त एकाच माणसाचा आवाज पाहिजे. बुधवारपर्यंत. एकदा पाठवली की बदलता येत नाही. बीसीएवालीची पण हीच परीक्षा. "मावशी, ही पास झाली ना, तर मी पदवीचं बघते. पण ही गेलीच पाहिजे."

बीसीएवाली बघितली. गुणी दिसते. हातात एक कडं. वाजायला जोडीला काही नाही.

मोजे, दोरा, रुमाल, सगळं करून बघितलं. काही खरं नाही. नाही झालं तर परत कुठलातरी कारखाना, परत टॉवेलचं हेमिंग, परत मानेचं दुखणं.

४ फेब्रु., बुध
सकाळपासून बसत होते, उठत होते. आत्या बघत होत्या. दुपारी म्हणाल्या, "बस खाली. दे हात हिकडं."
"कशाला?"
"मी धरते. माज्या हाताचा आवाज यीत न्हाय."

असं साधंच म्हणाल्या.

समोरासमोर बसलो, मधे पाटावर फोन. माझी दोन्ही मनगटं बांगड्यांसकट मुठीत धरली. म्हातारीला काय ताकद! जात्यावर कमावलेली. घरातली व्यक्ती म्हणून कोण घ्यावं? समोर एकच होती. चालू केलं आणि म्हटलं, आमच्या आत्या.

मग काय सुटलेच. मला हात हलवायचे होते आणि त्या सोडत नव्हत्या, त्यामुळं जास्तच जोर यायला लागला. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी माझी भाकरी गाईला घातली ते सांगितलं. गाय पण खाईना असं गल्लीभर सांगत फिरल्या, ते सांगितलं. कारखान्यातून यायला उशीर झाला की दारात उभ्या राहायच्या, मला वाटायचं पाळत ठेवतात. पाळत नव्हती, दिव्याखाली उभ्या राहायच्या म्हणजे मला बोळ दिसावा. हे कधी त्यांना बोलले नव्हते, आज फोनला बोलले. त्या नुसत्या बघत होत्या. तोंड मिटलेलं. मनगटं घट्ट.

दहा मिनिटं संपता संपता मी म्हटलं, अशा आमच्या आत्या, हट्टी. तेवढ्यात म्हातारी म्हणाली,
"गाईनं खाल्ली हुती गं. मीच खोटं बोलले."

तिथंच वेळ संपली. क्लिप बंद.

दोन आवाज. नियमात एकच. परत भरायला वेळ होता, मॅडमनी माझ्यासाठी टाकलेला शब्द पण होता. आत्यांनी हात सोडले, मनगटांवर बांगड्यांचे वळ उठलेले. म्हणाल्या, "माजं चुकलं का?" म्हटलं, चुकलंच, दुसरं काय! आणि पाठवून दिली.

लक्ष्मी म्हणाली, डोकं फिरलंय तुझं. असेल.

५ फेब्रु., गुरु
फोनवर: तपासणी सुरू आहे.
मॅडमना खरं सांगून टाकलं, शेवटी सासूबाई बोलल्यात. त्यांनी कपाळावर हात मारला. मग विचारलं, "काय बोलल्या?" सांगितलं. खिडकीकडं बघून हसल्या. "बघू या मावशी." बघू या म्हणजे काय ते माणसानं सांगावं. कुणीच नीट सांगत नाही ह्या कामात.

६ फेब्रु., शुक्र
तपासणी सुरू आहे.
आत्या दर थोड्या वेळानं, "ऐकलं का त्येनं?" ऐकतोय अजून, म्हटलं. दहा मिनिटाचं किती दिवस ऐकतोय कुणास ठाऊक. बसलाय बेंगळूरला माझ्या भाकरीची गोष्ट घेऊन.

संध्याकाळी ह्यांचा फोन. मी बोलत होते, काय झालं, कसं झालं. दोन दिवसात वाईट सवय लागलीय, बोलताना माझं मीच मनगट धरून बसते. हे मधेच म्हणाले,
"मंगल, बांगड्या कुटं गेल्या?"
"आँ?"
"आवाज यीना. काढल्या का? आगं बोल की, काढल्यास का?"

त्या दिवशी ह्यांनीच म्हटलेलं, तुज्या मनावर. चांगलं सुनवणार होते. पण आवाज ऐकला त्यांचा. मनगट सोडलं, फोनजवळ हात नेऊन हलवला.

"हां," म्हणाले. "मग सांग. फुडं काय झालं?"

म्हटलं, पुढचं मलाच कुठं कळलंय.