मागच्या डाव्या काचेचं

श्री

आश्विन शु. ९, बुधवार. खंडेनवमी.
कोयता, खुरपी, विळी, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. यंदा गाडी पहिल्यांदाच. (जुनी घेतलेली, पण आपल्याला नवीच.) म्हटलं, गाडीचा जीव बॅटरीत, तीपण पाटावर पाहिजे. हे म्हणाले, "बॅटरी काय देव हाय व्हय?" मी म्हटलं, "मग गाडी कशाच्या जिवावर पळती?" पाना घेऊन काढून आणली ह्यांनी. गंध, झेंडू. बाकीच्या अवजारांना तेलाचं बोट लावलं, तसं काचा ज्या रबरी खाचांतून वर येतात तिथंही तिळाचं तेल सोडलं. करकरत होत्या. मन प्रसन्न.

शु. १०, गुरु. दसरा.
बॅटरी बसवली. एका टिचकीत वर जाणाऱ्या काचा आज जाईनात. बटण धरून ठेवलं की तीन काचा थोड्या थोड्या करत लागल्या. मागची डावी मात्र अर्ध्यावर येते नि आपली आपण खाली जाते. चार वेळा तसंच. हे माझ्याकडं बघत होते. मी आपट्याची पानं निवडत होते.

शु. ११, शुक्र.
गेवराईहून विहीणबाईंचा फोन. शीतलला पुढच्या रविवारी, वद्य ५ला, बाळंतपणाला आणायचं ठरलं. लेकीचं पहिलंच. सातवा सरत आलाय. ह्यांनी भोळेपणानं काचेचं सांगून टाकलं. झालं! "रस्ता समदा खोदून ठेवलाय, नुसता फुफाटा. पोरीला धुळीनं धाप लागती, तुमाला ठावं हाय. काच लागत नसंल तर ऱ्हाऊ द्या, बाळंतपण आमीच करतो."
खोटं काहीच नाही बोलल्या. शीतलला लहानपणापासून धाप. पण पहिलं बाळंतपण नि लेक माहेरी नाही? डिंक, खारीक सगळं आणून ठेवलंय. रात्री जेवण गेलं नाही.

शु. १३, रवि.
चौसाळ्याच्या गॅरेजला जाऊन आलो. मिस्त्री म्हणाले, "भाभी, काचेची मोटर गेली. मागवावी लागंल, आठ-धा दिवस." पुढचा रविवार कुठं नि दहा दिवस कुठं. हे म्हणतात, प्लास्टिक चिकटवून जाऊ. विहीणबाईंच्या दारात प्लास्टिक लावलेली गाडी! नको.

कोजागरी, मंगळ.
दूध आटवताना डोक्यात काचच. मोटर गेली म्हणतात, तर मग खाली कशी जाते? खाचेत बोट घातलं. तेल नि धूळ, काळा लगदा नुसता. मशीनला तेल दिलं की आधी चिंधीवर टीप मारून जास्तीचं काढते मी. इथं कुठं काढलं? झाऱ्याच्या दांड्याला साबणाचं फडकं गुंडाळून चारही खाचा घासल्या, कोरड्या केल्या. काच पाऊण वर आली. नि परत खाली. तरी पाऊण म्हणजे पाऊण.

वद्य १, बुध.
सकाळी पूजेला बसले नि हात लाल कापडाच्या पुडीवर गेला. गाडी घेतली तेव्हाचे कागद नि गाडीचं पुस्तक त्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेलं. रोज हळदकुंकू वाहिलं, उघडलं एकदाही नाही. देवाची माफी मागून सोडलं. इंग्रजी. माझं मॅट्रिकचं इंग्रजी गंजलेलं, पण चित्रं होती. दुपारपर्यंत लागलं एकदाचं: बॅटरी काढली की काच आपली जागा विसरते, तिला परत शिकवायचं. चावी फिरवायची, काच पूर्ण खाली, बटण तसंच पाच सेकंद दाबून. मग पूर्ण वर, नि लागल्यावरही पाच सेकंद. काही अडलं की काच खाली जाते ती कुणाचा हात सापडू नये म्हणून. म्हणजे तिचा काही दोषच नाही. माझं तेल अडत होतं.
ह्यांना मागं बसवलं. सेकंद मोजायला "ओम नमः शिवाय" पाचदा. तिसऱ्यालाच बोट काढलं. "तुमचं देवाचं कायम घाईत," मी. परत केलं. लागली!! एका टिचकीत. बाकीच्या तिन्हींना पण शिकवलं. शेवटच्या काचेला ह्यांचा जप इतका मोठा की शेजारीण भिंतीवरून, "कावून वो, अभिषेक चाललाय का?"

वद्य ३, शुक्र.
हे मिस्त्रींना मोटर नको सांगून आले. ते लई हसले म्हणे. "भाभींना सलाम सांगा. पण रबराला तेल पुन्यांदा न्हाई, फुगतंय. सिलिकॉनचा फवारा मारा." आणलाय. दर अमावस्येला गाडी धुताना खाचा कोरड्या पुसायच्या, इथं लिहून ठेवते.

वद्य ५, रवि.
गेवराई. विहीणबाईंनी आधी काच बघितली, मग "या". स्वतः बटण दाबून दोनदा वरखाली. "लागती की वो." ओटी भरली. शीतल मागं डावीकडं बसली. विहीणबाईंनी खिडकीतून तिचा हात धरला तो सोडेचनात, डोळे भरलेले. ह्यांनी न बघताच पुढून बटण ओढलं. काच वर आली, दोघींच्या बांगड्यांना टेकली नि आपली आपण खाली गेली. शीतल दचकली, मग हसूच आवरेना. विहीणबाई डोळे पुसत, "गाडीला बी कळतंय, व्याहीबुवा, तुमाला कळंना!"
हात सुटल्यावर काच लागली. सगळा रस्ता धुळीचा कण आत नाही. लेक माझ्या खांद्यावर झोपून आली.
गाडीचं पुस्तक देव्हाऱ्यातून काढलं ते अजून बाहेर फळीवरच आहे. हे म्हणतात गाडीच्या कप्प्यात ठेव. देव्हाऱ्यात तेवढी जागा मोकळी मोकळी वाटते. नि पुढच्या खंडेनवमीला, नातवंड मांडीवर असेल तेव्हा, बॅटरीला गंध लावायचं तर ती जागेवरच ठेवून, की परत काढून पाटावर मांडून, ते तेव्हा बघू.